पानिपतच्या मोहिमेची कालरेषा मुलांकडून कशी करून घ्यावी?

सातवी_ब (रविवार, रात्री ९.१५)

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी सातवीला इतिहास शिकवते. पानिपतचा धडा झाला की दरवर्षी मुलांना मोहिमेची कालरेषा काढायला देते. यंदाही दिली. त्रेचाळीस वह्या आल्या आणि जवळपास सगळ्यांत एकच चित्र: पट्टीने मारलेली आडवी रेघ, तिच्यावर सारख्या अंतरावर पाच टिंबं. १० जानेवारी १७६०, बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. ३ फेब्रुवारी, उदगीर. ऑगस्ट, दिल्ली घेतली. १७ ऑक्टोबर, कुंजपुरा. १४ जानेवारी १७६१, पानिपत. कोपऱ्यात तलवार, खाली लाल शाईची दुहेरी रेघ.

वह्या परत देताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, कुंजपुरा जिंकल्यावर लढाईपर्यंत तीन महिने ते लोक करत काय होते?"

मी म्हटलं, पानिपतला कोंडले गेले होते.

"हो, पण करत काय होते?"

मला तिचं समाधान होईल असं उत्तर देता आलं नाही. तिच्या वहीत १७ ऑक्टोबर आणि १४ जानेवारी यांच्यात चार बोटं जागा होती. ३ फेब्रुवारी ते ऑगस्ट या सहा महिन्यांनाही तेवढीच. मग ही रेघ काळ दाखवते तरी का? तारखा पाठ व्हाव्यात म्हणून मला कालरेषा नको आहे. मोहीम कशी सरकत गेली, कुठे अडली, का अडली, हे मुलांना तिच्यावरून दिसावं असं वाटतं. आठवड्याला दोन तास मिळतात, वर्गात प्रोजेक्टर नाही. कोणी असं काही करून घेतलं असेल तर सांगा.

गोदाकाठची (रविवार, रात्री ९.३२)

काय प्रश्न विचारलाय त्या पोरीने! बसले आहे वाचायला.

निवृत्त_मास्तर (रविवार, रात्री १०.०५)

बाई, वही बाजूला ठेवा आणि सुतळी आणा. मी एकतीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं कालरेषा सुतळीवरच करून घेतली.

भाऊसाहेबांचा कूच पडदूरहून, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातल्या परतूरहून, १४ मार्च १७६०ला झाला. लढाई १४ जानेवारी १७६१ची. मधले दिवस मुलांनाच मोजू द्या. महिन्यांचे तीस-एकतीस बोटांच्या पेरांवर मोजतील, दोन-चार जण चुकतील, भांडतील आणि शेवटी ३०६वर येतील. दिवसाला तीन सेंटिमीटर धरा. ९ मीटर १८ सेंटिमीटर सुतळी लागते. व्हरांड्याच्या एका खांबापासून पुढच्या दोन-तीन खांबांपर्यंत जाते.

मग कपड्यांच्या चिमट्यांनी चिठ्ठ्या लावायच्या. सगळ्यात आधी लढाईची लावा. अख्खी लढाई एका दिवसात संपली, म्हणजे नऊ मीटरांत तीन सेंटिमीटर. तिथे मुलं गप्प होतात, हे मी दरवर्षी पाहिलं आहे. त्यानंतर पानिपतच्या मुक्कामाची जागा दाखवा. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून लढाईपर्यंत सव्वादोन मीटर सुतळी, आणि चिमटे दोन किंवा तीन. तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न तिथे आपोआप लोंबकळायला लागतो.

रानवारा (रविवार, रात्री १०.४०)

माझं मत वेगळं आहे. सनावळ्यांनीच आमच्या पिढीला इतिहास नकोसा केला. सुतळीला टांगली म्हणून सनावळी बदलत नाही. माझ्या आजोबांनी पानिपत गोष्टीसारखं सांगितलं होतं, एकही तारीख न सांगता, आणि ते मला आजही आठवतं. आधी गोष्ट द्या. तारखा ज्याला हव्यात तो पुढे शोधेल.

फुटाणे (रविवार, रात्री १०.५१)

तारीख लक्षात ठेवायला अवघड काय आहे? १४ जानेवारी, संक्रांत. त्यावरूनच तर 'संक्रांत कोसळली' म्हणतात. आमच्याकडे तिळगूळ वाटता वाटता आजी दरवर्षी सांगायची.

पंचांगवाला (सोमवार, सकाळी ६.२०)

फुटाणेसाहेब, हा समज घरोघरी आहे, पण त्या वर्षी १४ जानेवारीला संक्रांत नव्हती. पंचांगाचं सौर वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा वीस मिनिटांनी मोठं आहे. त्यामुळे साधारण सत्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. अडीचशे वर्षांमागे ती १० जानेवारीच्या आसपास यायची. विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. एवढ्यावरून हिशेब पटावा. पानिपतचा दिवस पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार.

उलट दत्ताजी बुराडी घाटावर पडले तो १० जानेवारी १७६०चा दिवस संक्रांतीचा. तेव्हा संक्रांत कोसळली ती शिंद्यांवर, पानिपतच्या एक वर्ष आधी. बाई, हे मुलांना नक्की सांगा. घरी जाऊन आजीशी वाद घालतील आणि दोन्ही तारखा जन्मभर विसरणार नाहीत.

फुटाणे (सोमवार, सकाळी ८.०२)

आजी असती तर तिने तुम्हाला समोर बसवून तिळगूळ दिला असता आणि तरी ऐकलं नसतं. पण विवेकानंदांचा दाखला बिनतोड आहे, मान्य.

छावणी (सोमवार, सकाळी ९.४५)

मी फौजेत होतो. मोहीम शिकवायची तर रेषा एक असून चालत नाही, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. शत्रूची वेगळी लागते. मास्तरांची सुतळी उत्तम आहे, तिच्याखाली हातभर अंतरावर दुसरी बांधा. वरची भाऊंची, खालची अब्दालीची.

ऑक्टोबर घ्या. वरच्या सुतळीवर दिल्लीहून उत्तरेला कूच, मग १७ तारखेला कुंजपुरा. कर्नालजवळ यमुनेच्या काठी आहे हे गाव. धान्य, घोडी, रोकड, सगळं हाती आलं. तिथून फौज कुरुक्षेत्राच्या रोखाने निघाली. नुसती ही सुतळी पाहिली तर सगळीकडे विजय आहे. खालच्या सुतळीवर २५-२६ ऑक्टोबरला अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला. मुलांना म्हणावं, दोन्ही चिठ्ठ्यांवर एकाच वेळी बोट ठेवा आणि आता नकाशा बघा. कुंजपुरा वर, बागपत खाली, दिल्ली त्याच्याही खाली. विजय मिळाल्यावर आठ-नऊ दिवसांत भाऊंची दिल्लीची वाट बंद झाली. महिना संपता संपता दोन्ही फौजा पानिपतला समोरासमोर आल्या त्या उलट्या तोंडाने: दिल्ली मराठ्यांच्या समोर आणि अब्दालीच्या पाठीशी.

तिसरी पट्टी नदीची करा, निळ्या कागदाची. जून ते सप्टेंबर यमुनेला पाणी होतं म्हणून दोन्ही फौजा दोन काठांवर बसून होत्या. नदी उतरण्याजोगी होताच ज्याने धाडस केलं त्याने डाव फिरवला. सातवीच्या मुलाला पावसाळा कळतो, त्याला ही पट्टी सगळ्यात आधी समजेल.

रानवारा (सोमवार, दुपारी १.१०)

छावणीकाका, हे वाचून मी जरा मागे सरकते. तुम्ही सांगितलं ते गोष्टीत असंच सांगता आलं नसतं. गोष्ट एका वेळी एकाच बाजूला असते.

मोडीवेडी (सोमवार, दुपारी ३.३०)

मोठा प्रतिसाद आहे, सांभाळून घ्या.

मुलांनी एकदा तरी तारीख *मिळवावी*, तयार घेऊ नये. पेशव्यांच्या काळातल्या पत्रावर '१७६०' असं कुठे लिहिलेलं नसतं. तिथे असतं 'छ' आणि पुढे आकडा, म्हणजे चंद्र अमुक, आणि मग महिना: सफर, रबिलावल, जमादिलाखर. वर्ष अक्षरांत, उदाहरणार्थ 'इहिदे सितैन मया व अलफ'. ते मुलांसमोर फळ्यावर सोडवा. अलफ हजार, मया शंभर, सितैन साठ, इहिदे एक. बेरीज ११६१. हा शुहूर सन, मृगापासून सुरू होणारा. त्यात ५९९ मिळवले की त्या वर्षीचा जून येतो, म्हणजे जून १७६० ते जून १७६१. पानिपत याच एका वर्षात बसतं. माझ्या भाच्यांना हे गुप्तलिपी फोडल्यासारखं वाटलं, दुपारभर एकमेकांचे वाढदिवस अरबी आकड्यांत लिहीत बसले होते.

शकाचा हिशेबही त्यांच्याकडून करून घ्या. शके १६८२मध्ये सगळी मुलं ७८ मिळवतात आणि पानिपत १७६०च्या जानेवारीत नेऊन ठेवतात. शक चैत्रात बदलतो. त्यामुळे जानेवारीतल्या पौषाला ७९ मिळवायचे. ही चूक वर्गात होऊ द्यावी, मुद्दाम. ती चिठ्ठी सुतळीवर लावायला गेलं की लढाई कूच होण्याच्या आधी येते आणि मुलं स्वतःच ओरडतात.

आणखी एक अडचण उत्तरेकडच्या पत्रांत येते. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो. त्यांचा मार्गशीर्ष वद्य तो आपला कार्तिक वद्य. हे लक्षात आलं नाही तर पत्र महिनाभर पुढे सरकतं आणि माणूस मेल्यानंतर लिहायला लागतो.

आपल्याकडे या कामाला जुना शब्द आहे, *शकावली*. जेधे शकावली म्हणजे एका देशमुखांच्या घरात जपलेली तिथीवार टिपणं. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही नोंद तिच्यात आहे. मुलांना सांगा, तुम्ही करताय ते आपल्याकडे पूर्वीपासून चालत आलेलं काम आहे.

फुटाणे (सोमवार, दुपारी ४.१२)

मग शिवराज्याभिषेक ६ जून का १६ जून, हाही याच भानगडीचा भाग का?

मोडीवेडी (सोमवार, दुपारी ४.४०)

हो. तिथी एकच, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. मुंबईचे इंग्रज तेव्हा जुनं कॅलेंडर पाळत होते, ते त्यांनी १७५२मध्ये बदललं. त्या जुन्या कॅलेंडरने ६ जून. गोव्याचे पोर्तुगीज १५८२ पासूनच नव्यावर होते, त्यामुळे शिवकाळात त्यांची तारीख दहा दिवस पुढे. मुंबईचं आणि गोव्याचं पत्र शेजारी ठेवायचं तर हे आधी बघावं लागतं. पानिपत १७५२ नंतरचं, म्हणून बाईंना ही कटकट नाही.

जीटी_रोड (सोमवार, रात्री ९.२०)

मी पानिपतमध्ये चार वर्षं काढली, कापडाच्या धंद्यात. मुलीला 'करत काय होते' याचं उत्तर द्यायचं तर तिथल्या डिसेंबर-जानेवारीबद्दल सांगा. सकाळी दाराबाहेर पाऊल टाकलं की समोरचं झाड दिसत नाही. धुकं कधी अकरा वाजता उठतं, कधी उठतच नाही. दोन स्वेटरांवर शाल घेऊनही माझी बोटं पेन धरत नसत. आणि ही माणसं दख्खनेतून मार्चमध्ये निघालेली, बरोबर बायकामुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे. त्यांच्या अंगावर त्या थंडीला पुरेल असं काय असणार?

काला अंबला मी पहिल्यांदा गेलो तो जानेवारीतच. गावापासून सात-आठ किलोमीटरवर स्मारक आहे. चहूबाजूंनी गव्हाची शेतं, पोटरीएवढी हिरवी. मला वाटलं होतं काहीतरी उजाड असेल. बराच वेळ नुसता उभा होतो.

निवृत्त_मास्तर (सोमवार, रात्री १०.००)

जीटी_रोड, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला.

बाई, त्या सव्वादोन मीटरांत घटना शोधू नका. 'कमी होत गेलेलं काय काय' त्याच्या चिठ्ठ्या लावा. धान्य, वैरण, घोडी, पैसा, डाक. ७ डिसेंबरला बळवंतराव मेहेंदळे पडले, तो भाऊंचा उजवा हात. त्यानंतर डिसेंबरच्या उत्तरार्धात गोविंदपंत बुंदेले मारले गेले. अब्दालीची रसद तोडण्याचं आणि आपल्याकडे पोचवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. पुस्तकापुस्तकांत त्यांच्या मृत्यूची तारीख तीन-चार दिवसांनी मागेपुढे आहे, तेव्हा ती चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची आणि सुतळीवर सरकती ठेवायची. इतिहासात काही चिमटे घट्ट असतात आणि काही सैल, हे मुलांना हाताने कळतं.

हडसनकाठ (मंगळवार, सकाळी ७.१५)

न्यू जर्सीत आमची रविवारची मराठी शाळा आहे, तिथे मी मोठ्या मुलांना घेते. छावणीकाकांची खालची सुतळी आमच्याकडे वेगळ्याच कारणाने बांधावी लागली. माझ्या मुलाच्या शाळेतला जिवलग मित्र अफगाण घरातला आहे. तो एकदा घरी आला, भिंतीवरचा तक्ता पाहिला आणि म्हणाला, हे तर अहमदशाह बाबा! त्याच्या घरी ते राष्ट्रपिता आहेत, १७४७मध्ये कंदाहारला राज्य उभं करणारे. आमच्या तक्त्यावर त्यांच्यापुढे नुसतं 'शत्रू' लिहिलं होतं.

मग दोघा मुलांनी मिळून खालची पट्टी भरली. त्यात आमच्या लक्षात आलं की अब्दालीही घरापासून तेवढाच लांब होता, त्यालाही पावसाळा तिथेच काढावा लागला, आणि जिंकल्यावरही तो दिल्लीत राहिला नाही, परत गेला. माझ्या मुलाला पानिपतचं दुःख काही कमी झालं नाही. उलट मित्राला समजावून सांगताना त्याला ते जास्त कळलं असं मला वाटतं.

रानवारा (मंगळवार, सकाळी ११.०५)

एक मुद्दा मात्र मी सोडणार नाही. सगळे पडदूर ते पानिपत याबद्दलच बोलताय. पुण्याचं काय? २७ डिसेंबर १७६०ला नानासाहेब पेशव्यांचं पैठणला लग्न झालं. पानिपतला घोडी मरत होती आणि इकडे मांडव. ती चिठ्ठी सुतळीवर लावाल का? मुलं काय म्हणतील? मला तर वाचलं तेव्हा संताप आला होता.

मोडीवेडी (मंगळवार, दुपारी १२.३०)

लावावीच. पण तिसरी सुतळी बांधून लावावी: *कळलं केव्हा*. नोव्हेंबरच्या मध्यानंतर अब्दालीने दक्षिणेची वाट दाबली आणि छावणीतून पत्र बाहेर पडणं जवळजवळ थांबलं. ७ डिसेंबरला मेहेंदळे पडले ते वरच्या सुतळीवर ७ डिसेंबरलाच दिसतात. पैठणच्या माणसाच्या सुतळीवर ते तिथे नसतात. आपल्याला सगळं एकदम दिसतं, कारण आपण व्हरांड्यात उभे आहोत. संताप यायचा तो येईलच, मीही नानासाहेबांना मोकळं सोडत नाही, मदत घेऊन निघायला त्यांनी उशीर केला. पण मुलांनी निवाडा करायचा तर त्या दिवशी त्या माणसाच्या हातात कोणतं पत्र होतं, हे बघून करावा.

या सुतळीवरची सगळ्यात मोठी चिठ्ठी २४ जानेवारीची. नानासाहेब भिलशाला, म्हणजे आजच्या विदिशाला, पोचले होते आणि सावकारी पत्र हाती आलं: दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. विश्वासराव, भाऊ आणि सरदार गेल्यावर दहा दिवसांनी. ते दहा दिवस दख्खनेत रोजच्यासारखी कामं चालू होती.

गोदाकाठची (मंगळवार, दुपारी १२.५८)

शेवटच्या ओळीने अंगावर काटा आला.

छावणी (मंगळवार, दुपारी २.१५)

मोडीवेडी ताईंशी शंभर टक्के सहमत. फौजेतही खबर आली केव्हा ते वेगळं लिहितात.

सातवी_ब (पुढच्या आठवड्यातला शनिवार, सायंकाळी ६.४०)

मंडळी, गुरुवारी आणि आज करून घेतलं. मनापासून आभार, प्रत्येकाचे.

व्हरांडा मोजला, सुतळी बरोबर बसली. तीन सुतळ्या आणि निळी पट्टी. वर्गाचे चार गट केले, एकेका गटाकडे एक. शकाची चूक होऊ दिली आणि मोडीवेडी ताईंनी सांगितलं तसंच झालं. पूर्ण नऊ मीटर धावत जाऊन एका मुलाने चिठ्ठी सुतळीच्या सुरुवातीच्याही अलीकडे हवेत धरली आणि म्हणाला, "बाई, हे चुकलंय, अजून कोणी निघालंच नाहीये."

मार्च ते मे हा भाग मला किरकोळ वाटला होता. पण पडदूर ते ग्वाल्हेर ७७ दिवस लागले हे पाहून मुलं नकाशावर पट्टी ठेवून बसली. सरळ रेषेत साडेसातशे किलोमीटर, म्हणजे दिवसाला दहा. एकजण म्हणाला, मी सायकलवर तासात जातो. दुसरीने त्याला सांगितलं, "तोफ घेऊन जा, आजीला घेऊन जा, आणि वाटेत नर्मदा आहे." यावर मला काही बोलावंच लागलं नाही.

प्रश्न विचारणाऱ्या मुलीला मी सव्वादोन मीटरांचा तुकडा दिला. तिने चिठ्ठ्यांवर घटना लिहिल्या नाहीत. दर आठवड्याला एक घोडा काढला. पहिला नीट, मग बरगड्या दिसणारा, शेवटचे दोन आडवे. मेहेंदळ्यांची चिठ्ठी तिने घोड्यांच्या मधे लावली. जीटी_रोड यांचा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवला होता, म्हणून जानेवारीच्या चिठ्ठ्यांवर तिने शिसपेन्सिल आडवी घासून धुकं केलं होतं.

'कळलं केव्हा' गटाची मात्र अडचण झाली. सुतळी १४ जानेवारीला संपते, २४ची चिठ्ठी लावायची कुठे? त्यांनी विचारलं, दहा दिवसांचे तीस सेंटिमीटर वाढवू का. शिपाईमामांकडून तुकडा आणून गाठ मारली. आता वरच्या दोन सुतळ्या खांबाशी थांबतात आणि तिसरी खांबाला वळसा घालून पलीकडे जाते. मधली सुट्टी झाली की बाकीच्या वर्गांतली मुलं तो वळसा कसला म्हणून विचारतात, आणि माझी मुलं सांगतात.

रानवारा ताई, पैठणच्या लग्नाची चिठ्ठी लावली. त्यावर अजून भांडण चालू आहे, सोमवारी पुढे.

रानवारा (शनिवार, सायंकाळी ७.१०)

घोड्यांचा फोटो टाका ना. आणि भांडणात काय ठरलं तेही.

निवृत्त_मास्तर (शनिवार, रात्री ८.२५)

बाई, सुतळी सोडू नका. नानासाहेब २३ जून १७६१ला पर्वतीवर वारले, तिथपर्यंत नेऊन बघा. भिलशाच्या चिठ्ठीपासून अजून साडेचार मीटर लागेल.

सातवी_ब (शनिवार, रात्री ८.४०)

म्हणजे जिन्यापर्यंत जाते. सोमवारी सुतळीचा नवा गुंडा घेऊन जाते.